ख्याल ऐकणाऱ्या कानांना रॉकचे कोणते अल्बम सुचवाल? (ग्वाल्हेरकरांनो, इकडे या)

लष्करकर

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गाणं ऐकायची सवय मुद्दाम लावावी लागत नाही. डिसेंबरच्या कडाक्यात हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी मफलर-शाल घेऊन बसणारे लोक आपण. तिलवाडा तालातला मोठा ख्याल पाऊण तास रंगला तरी कोणी घड्याळाकडे बघत नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने संगीतासाठी आपल्या शहराचं नाव सर्जनशील शहरांच्या यादीत घातलं. त्यात गाणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांचाही वाटा आहे असं मी मानतो.

तरीही रॉकचा विषय निघाला की यातलेच कितीतरी जण हात झटकतात. मला त्याचं कारण असं दिसतं की रॉक त्यांच्यापर्यंत कायम तुकड्यांत पोचलं. गॅदरिंगला वाजणारी ठरावीक चार गाणी, मोबाइलवरचा पंधरा सेकंदांचा सोलो, बाडा चौकातून जाणाऱ्या एखाद्या गाडीतला धडधडाट. उद्या कोणी ख्यालातली नुसती शेवटची द्रुत तान ऐकवून "हे बघा ग्वाल्हेर घराणं" म्हणालं, तर आपल्याला चालेल का?

म्हणून हा धागा. अट एवढीच, की सुटं गाणं सुचवू नका. अख्खा अल्बम सुचवा आणि आपल्याकडच्या ऐकणाऱ्याने तो का ऐकावा तेही लिहा. ज्याला विलंबिताची, म्हणजे संथ लयीची, ओढ आहे त्याचा कान रॉकसाठी तयारच आहे, हे माझं ठाम मत.

माझे दोन अल्बम.

पहिला पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर', १९७५ चा. एकूण रचना पाच. त्यांतली मुख्य रचना नऊ भागांची. निम्मी अल्बमच्या सुरुवातीला आणि निम्मी शेवटी ठेवलेली. सुरुवातीला कीबोर्डचा एक लांब धरलेला स्वरमेळ, त्यावर गिटार अगदी सावकाश हिंडते. जवळजवळ चार मिनिटांनी डेव्हिड गिलमूर चार स्वर वाजवतो आणि थांबतो. पुन्हा तेच चार. सगळी रचना त्या चार स्वरांवर उभी आहे. आपल्या भाषेत कोमल ग, कोमल नी, सा आणि शुद्ध ध. म्हणजे काफी रागाच्या अंगणातच आलो आपण. शब्द यायला साडेआठ मिनिटं लागतात. आलाप ऐकलेल्या माणसाला ही वाट पाहणं जड जाणार नाही. हा अल्बम त्यांच्या जुन्या साथीदाराच्या, सिड बॅरेटच्या आठवणीत केलेला. मानसिक आजारामुळे तो बँडपासून दुरावला होता. ध्वनिमुद्रण चालू असताना तो अचानक स्टुडिओत आला आणि आधी कोणी त्याला ओळखलंच नाही. हे ठाऊक असलं की ते चार स्वर वेगळे ऐकू येतात.

दुसरा ऑलमन ब्रदर्स बँडचा 'अ‍ॅट फिल्मोर ईस्ट'. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कला प्रेक्षकांसमोर वाजवलेला. दोन गिटार, दोन ड्रमवाले, ऑर्गन, बेस. याबद्दल तालाच्या जाणकारांनी लिहावं असं वाटतं, म्हणून हात आखडता घेतो.

तिलवाडा

लष्करकर दादा, आवाज दिलात तर येणारच.

तबला शिकणारा म्हणून सांगतो, रॉकमध्ये सगळं "चार मात्रांत ठोकलेलं" असतं हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. 'फिल्मोर ईस्ट'वरची शेवटची रचना 'व्हिपिंग पोस्ट' बेसवर सुरू होते. ती हातावर मोजून बघा: तीन, तीन, तीन, दोन. अकरा. गाणं सुरू झालं की ठेका बदलतो, पण मधूनमधून तो अकराचा मुखडा परत येतो आणि दर वेळी अंगावर काटा येतो. रचना तेवीस मिनिटांच्या आसपास आहे. मध्ये एक जागा अशी येते की ताल जवळजवळ सुटतो, गिटार एकटीच बोलत राहते आणि नंतर सगळे मिळून पुन्हा उभे राहतात.

लेड झेपलिनचा 'फिजिकल ग्राफिटी' (१९७५) हा दोन तबकड्यांचा अल्बम. त्यात 'कश्मीर' आहे. ड्रमवर जॉन बॉनम सरळ चारात चालतो, आणि गिटारचा तुकडा तीन-तीन मात्रांचा. म्हणजे बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात. त्या भेटीची वाट पाहत ऐकायचं. बॉनम बराच वेळ एकही जादा बोल टाकत नाही, आणि मला हीच त्याची थोरवी वाटते. जागच्या जागी ठेका धरून ठेवणं किती अवघड असतं ते संगत करणाऱ्याला विचारा. एक गंमत म्हणजे या गाण्याचा कश्मीरशी काही संबंध नाही. त्यांचा गायक रॉबर्ट प्लँटला ते सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या एका लांबच लांब रस्त्यावर. मुंबईशी मात्र त्यांचा खरा संबंध आहे. १९७२ मध्ये गिटारवाला जिमी पेज आणि प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली.

पिंक फ्लॉइडचंच 'मनी' सात मात्रांत आहे. गिटारचा सोलो आला की चारात जातं आणि परत सातात येतं. ते 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) या अल्बमवर आहे, आणि तो सलग ऐकायचा. गाण्यांच्या मध्ये थांबायला जागाच ठेवलेली नाही त्यांनी.

आणि ज्यांना लयकारीचं वेड आहे त्यांच्यासाठी टूल या बँडचा 'लॅटरॅलस' (२००१). शीर्षकगीताच्या मुखड्याची आवर्तनं नऊ, आठ, सात अशी उतरत जातात. डॅनी केरी हा त्यांचा ड्रमवाला तबलाही शिकलेला आहे, आणि ते त्याच्या हातात दिसतं. हा अल्बम जड आहे. पहिल्या महिन्यात नको.

रियाजी

वाचतो आहे. वय झालं, पण दारं बंद केलेली नाहीत. माझा प्रश्न प्रामाणिक आहे. लय समजली, विस्तार समजला. पण त्या गिटारची खरखर कशासाठी? सूर स्वच्छ लागावा म्हणून आम्ही जन्मभर तंबोऱ्यापुढे बसलो. ही मंडळी चांगला लागलेला सूर मुद्दाम का फाडतात? यात काही शास्त्र आहे की नुसती हौस?

व्हॉल्व्हवाला

रियाजी काका, दंडवत. तुमचा प्रश्न फार आवडला. माझं अर्धं आयुष्य जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर उघडण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त आवाज दिला की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात. सुरुवातीला हा दोषच मानत. पण लहर छाटली गेली की मूळ स्वराच्या जोडीला त्याचे वरचे उपस्वर मोठ्या प्रमाणात तयार होतात. आवाज भरीव होतो, लांबतो आणि कडांना खरखरीत होतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही छाटणी हळूहळू होते, म्हणून कानाला ती गोड लागते.

आता तुमचा तंबोरा घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण जवारी काढतो. ती कशासाठी? तार घोडीच्या पाठीवर घासत कापावी आणि तिच्यातून उपस्वरांची झालर निघावी म्हणून. जवारी नसलेला तंबोरा स्वच्छ असतो, पण मुका. कारागीर तासन् तास बसून तारेत ठरवून खरखर आणतो आणि त्यातूनच स्वयंभू, म्हणजे न छेडता उमटणारा, गंधार ऐकू येतो. गिटारवाल्यांनी तेच काम विजेकडून करून घेतलं.

पुढची गोष्ट मला याहून सुंदर वाटते. अशा छाटलेल्या आवाजात तीन स्वरांचा पूर्ण मेळ वाजवला की चिखल होतो, कारण प्रत्येक स्वर दुसऱ्याशी भांडून नको ते स्वर तयार करतो. म्हणून या लोकांनी गंधार काढून टाकला आणि फक्त सा आणि प ठेवले. सा-प यांचं नातं दोनास तीन असं आहे, त्यामुळे त्यांच्या भांडणातून जो नवा स्वर निघतो तो खालच्या सप्तकातला सा असतो. वाजवलेले स्वर दोन, आणि पायाशी खर्ज आपोआप उभा राहतो. रॉकच्या गिटारचा तो जो पहाडासारखा आवाज म्हणतात तो हाच. काका, तुम्ही जन्मभर ज्या सा-पांपुढे बसलात तेच हे सा-प आहेत.

तुमच्यासाठी अल्बम: ब्लॅक सॅबथचा पहिला, बँडच्याच नावाचा, फेब्रुवारी १९७० चा. गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला म्हणायचा. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. पहिल्याच गाण्याचा मुखडा ऐका: सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. तीनच स्वर, अतिविलंबित. तीव्र मध्यमावर येऊन तो थरथरत राहतो आणि पंचमाला जातच नाही. पंचमाची वाट पाहणाऱ्या आपल्या कानाला ते सहन होत नाही, आणि त्या गाण्याला नेमकं तेच साधायचं आहे. यांचा गायक ऑझी ऑस्बर्न जुलै २०२५ मध्ये गेला. त्याआधी थोडेच दिवस त्याने आपल्या गावी, बर्मिंगहॅमला, बसून शेवटचा कार्यक्रम केला होता.

लष्करकर

व्हॉल्व्हवाला, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

मुरारवाली

चर्चा छान चालली आहे, पण मला एक हरकत नोंदवायची आहे. सगळे पुरुष, जवळजवळ सगळे बँड सत्तरच्या दशकातले, आणि शब्दांविषयी अजून कोणी बोललं नाही. आपल्याकडे बंदिशीचे शब्द नीट, स्वच्छ ऐकू यावेत हा ग्वाल्हेरचाच आग्रह ना? मग इथेही शब्द ऐकू या.

पॅटी स्मिथचा 'हॉर्सेस', १९७५. ही आधी कवी, मग गायिका. ती बोलत बोलत गाण्यात शिरते आणि गाता गाता पुन्हा बोलण्यात उतरते. 'बर्डलँड' ही नऊ मिनिटांची रचना ऐका. पियानो खाली हळू चालू आहे आणि ती शब्दांना बोल-आलापासारखी ताणत नेते. आवाज "गोड" नाही. तो खरा आहे, आणि मला त्याहून जास्त काही नको. अल्बमची निर्मिती जॉन केलची. हा केल त्याआधी 'वेल्व्हेट अंडरग्राउंड'मध्ये होता, आणि त्याहीआधी ला माँट यंगच्या गटात व्हायोला या व्हायोलिनसारख्या वाद्यावर एकच स्वर तासन् तास धरून वाजवायचा. ला माँट यंग पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य झाला. वेल्व्हेट अंडरग्राउंडच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममध्ये केलचा तो धरलेला स्वर ऐकू येतो, म्हणून तोही यादीत घ्या.

पीजे हार्वीचा 'लेट इंग्लंड शेक', २०११. युद्धावरचा अल्बम, विशेषतः पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीवरचा. डॉर्सेटमधल्या एका चर्चमध्ये मुद्रित केलेला. तिने इथे नेहमीची दणकट गिटार बाजूला ठेवून ऑटोहार्प हे तारांचं वाद्य घेतलं आणि आवाज मुद्दाम उंच, पातळ लावला. चाली लहान मुलांनी म्हणाव्यात अशा आणि शब्द मात्र तुटलेल्या हातापायांचे. ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार दोनदा मिळालेली ती एकटीच. सैनिकांच्या वस्तीजवळ वाढलेल्या माझ्यासारखीला हा अल्बम एका बैठकीत ऐकवत नाही, तरी मी परत परत ऐकते.

रेडिओहेडचा 'ओके कंप्युटर' (१९९७) सगळेच सुचवतील, म्हणून मी 'इन रेनबोज' (२००७) सुचवते. तो त्यांनी आपल्या संकेतस्थळावर "वाटेल ती किंमत द्या" म्हणून ठेवला होता. पहिलं गाणं पाच मात्रांत आहे, तिलवाडा दादांना आवडेल. पण मला त्यातली जवळीक आवडते. एखादं माणूस शेजारी बसून गातं आहे असं वाटतं.

हजिराएक्स्प्रेस

एवढ्या प्रतिसादांत कोणी मैहरचं नावच घेतलं नाही, म्हणून लिहितोय. मैहर आपल्याच मध्य प्रदेशातलं. बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे तिथे शिकलेले दोघं, पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ, १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अल्लारखाँच्या संगतीने वाजवत होते. त्याच मंचावर नंतर जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन. बांगलादेशातल्या निर्वासितांच्या मदतीसाठीचा कार्यक्रम. सतार-सरोद जुळवून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि रविशंकरांनी हसून त्यांना सांगितलं की जुळवणं एवढं आवडलं तर वादनही आवडेल. 'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' या तीन तबकड्यांच्या संचाला पुढे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पहिली बाजू सतार-सरोदाची आणि पुढे सगळं रॉक. आपल्या माणसाला याहून चांगलं दार कुठलं?

दुसरं, द हू या बँडचा 'हूज नेक्स्ट', १९७१. पहिल्या गाण्याच्या, 'बाबा ओ'रायली'च्या, नावातले बाबा म्हणजे नगरचे मेहेरबाबा. बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. नावातला दुसरा अर्धा टेरी रायलीचा, आणि तोही प्राणनाथांचा शिष्य. ज्यांचं आजोळ नगरकडचं असेल त्यांनी मेहेराबादची टेकडी डोळ्यांपुढे आणून ते गाणं ऐकावं. शेवटी व्हायोलिन येतं आणि लय चढत चढत जाते, अगदी द्रुतासारखी.

तिलवाडा

मग गिटारवाल्या जॉन मॅकलॉक्लिनला कसं वगळणार? महाविष्णु ऑर्केस्ट्राचा 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१), आणि नंतर झाकीरभाई, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्यासोबतचं 'शक्ती'. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले तेव्हा मी आधी 'शक्ती'च लावलं होतं.

मुरारवाली

तिलवाडा दादा, हजिराएक्स्प्रेस, दोघांच्या आवडीबद्दल आदर आहे, पण इथे माझं मत वेगळं आहे. आपल्या लोकांना रॉककडे न्यायचं तर सतार-तबल्याचं बोट धरून नेऊ नका. 'शक्ती' थोर आहे, पण ते रॉक नव्हे. ज्याला तिथून सुरुवात करून दिली तो पुढे प्रत्येक बँडमध्ये राग शोधत बसेल आणि नाही सापडला की "यात काय आहे" म्हणेल. रॉकला त्याची स्वतःची भूक आहे. बंडाची, घाईची, तरुण वयाची. रमोन्सचा पहिला अल्बम (१९७६) घ्या: चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. ना आलाप, ना विस्तार. गिटार एका दमात खाली-खाली मारत जाते. तिथे विलंबिताचा कान घेऊन गेलात तर रिकाम्या हाताने परत याल, आणि तरी तो रॉकमधल्या सर्वांत महत्त्वाच्या अल्बमांपैकी एक आहे.

लष्करकर

ताई, मुद्दा मोलाचा आहे. राग शोधायला जाऊ नये हे शंभर टक्के मान्य. पण माझा भर सामग्रीपेक्षा सवयीवर आहे. पाऊण तास एका जागी बसून एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायची सवय आपल्याकडे तयार आहे, आणि आज जगात ती दुर्मीळ झाली आहे. ती रमोन्सलाही लागू पडते. ती चौदा गाणी सुटी ऐकली तर एकसारखी वाटतात. सलग ऐकली की तिसऱ्या-चौथ्या गाण्याला अंगात वेग भिनतो आणि एकोणतीस मिनिटं संपल्यावर खोली शांत वाटत नाही.

कंपूकोठी

भारतीय बँडांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

इंडियन ओशनचा 'कंडिसा', २००० सालचा. दिल्लीचा बँड, पण यातलं 'मा रेवा' आपल्या नर्मदामाईचं. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता आणि ते लोकगीत त्या खोऱ्यातलं. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवता वाजवता गायचा. इतका मोकळा, जमिनीवरचा आवाज मी दुसऱ्या कुठल्या भारतीय बँडमध्ये ऐकलेला नाही. २००९ च्या नाताळात तो गेला. बँड आजही वाजवतो आणि चांगलं वाजवतो, पण 'कंडिसा'मधली ती चौघांची बैठक वेगळीच. याच अल्बमवर 'खजुराहो' नावाचीही एक रचना आहे. शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांमधली जुनी प्रार्थना. एका अल्बममध्ये नर्मदा, खजुराहो आणि केरळचं चर्च, आणि कुठेही जोड दिसत नाही.

बाकी थोडक्यात: अवियलचा २००८ चा मल्याळम अल्बम, बँडच्याच नावाचा, भाषा कळत नसूनही मला तो पाठ आहे. परवाजचा 'बारान' (२०१४), काश्मिरी आणि उर्दू, हिवाळ्यात रात्री ऐकण्यासारखा. आणि सीमेपलीकडच्या जुनूनचा 'आझादी' (१९९७).

नवाकान

मी बारावीला आहे. काकांचे, ताईंचे सगळे प्रतिसाद वाचले आणि खूप नवीन कळलं. पण माझ्याकडे मोबाइल आणि साधे इयरफोन एवढंच आहे. घरात स्पीकर नाही. एवढ्यावर अल्बम ऐकता येईल का? आणि ऐकताना दुसऱ्या वेळी कंटाळा आला तर सोडून द्यावं का?

व्हॉल्व्हवाला

बाळा, साध्या इयरफोनवर उत्तम ऐकता येतं. काही गोष्टी पाळ. अ‍ॅपमध्ये गाणी उलटसुलट लावण्याचं बटण असतं ते बंद कर. एक गाणं विरत असताना दुसरं चढवणारी सोय असते, तीही बंद कर. 'डार्क साइड'सारख्या अल्बमची त्याने वाट लागते. गाण्यांमध्ये खंड पडू न देणारी सोय असेल तर ती चालू ठेव. आवाज मध्यम. रॉक मोठ्यानेच ऐकावं असं काही नाही, आणि तुझे कान तुला अजून साठ-सत्तर वर्षं वापरायचे आहेत. पूर्वी तबकडी उलटायला उठावं लागे, तेवढी विश्रांती कानांना मिळे. तूही मध्ये दोन मिनिटं थांब, पाणी पी.

मुरारवाली

आणि कंटाळ्याबद्दल: दुसऱ्यांदा कंटाळा आला तर खुशाल बाजूला ठेव. काही अल्बम वयाची वाट बघतात. तुझ्या वयाला मी 'हॉर्सेस' आणि 'इन रेनबोज' देईन, 'लेट इंग्लंड शेक' नंतर. कॉलेजात गेल्यावर तुझ्या आवडीचं काही नवं सापडलं तर इथे येऊन आम्हाला सांग. आमची यादी फार मागे अडकलेली आहे.

रियाजी

मंडळी, 'फिल्मोर ईस्ट' ऐकला. नातवाने लावून दिला आणि तो शेजारी बसला होता.

'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' ही रचना मी दोनदा ऐकली. गायक नाही, हे मला सोयीचं झालं. दोन्ही गिटार मिळून मुखडा मांडतात, मग एक जण पुढे येतो, बाकीचे त्याला जागा देतात. पहिल्याने जिथे सोडलं तिथून पुढचा उचलतो आणि पहिल्याचं काही पुन्हा सांगत नाही. शेवटी सगळे मुखड्यावर एकत्र येतात. ही शिस्त मला ओळखीची वाटली. अल्बमच्या पहिल्या गाण्यात जो तरुण काचेच्या नळीने तारा घासतो, त्याच्या मिंडी सुरेल आहेत. नातू म्हणाला, त्याचं नाव ड्युएन ऑलमन आणि तो त्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा. ऐकून वाईट वाटलं.

'व्हिपिंग पोस्ट'मध्ये गाणारा ओरडतो ते मला अजून पटत नाही. पण अकरा मात्रांचा तो मुखडा मी हातावर धरला, तिलवाडा यांनी लिहिलं तसाच आहे. व्हॉल्व्हवाला यांची जवारीची गोष्ट तंबोरा काढून पुन्हा ऐकली. बरोबर आहे.

पुढचं सुचवा. ओरडणं कमी असेल तर बरं.

तिलवाडा

काका, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. किंग क्रिमझनचा 'रेड', १९७४. शेवटची रचना 'स्टारलेस', बारा मिनिटांची. सुरुवातीला संथ, उदास गाणं, ओरडणं अजिबात नाही. मग गाणं थांबतं, बेस तेरा मात्रांचं आवर्तन धरतो आणि गिटारवर रॉबर्ट फ्रिप जवळजवळ एकच स्वर लावून बसतो. तोच स्वर, मग किंचित वर, पुन्हा तोच, परत किंचित वर. कितीतरी मिनिटं. खाली ड्रम हळूहळू भरत जातात. एका स्वराची बढत याहून धीराने केलेली मी रॉकमध्ये ऐकलेली नाही. अल्बम बाजारात यायच्या आधीच फ्रिपने बँड मोडला होता.

लष्करकर

मी काकांना टेलिव्हिजन या बँडचा 'मार्की मून' (१९७७) आधी देईन. गिटारला खरखर जवळपास नाही. टॉम व्हरलेन आणि रिचर्ड लॉइड यांच्या दोन स्वच्छ गिटार एकमेकींच्या बोलांत बोल गुंफत जातात. शीर्षकगीत दहा मिनिटांहून थोडं मोठं. जुन्या तबकडीवर ते दहाच्या आत विरवून टाकलं होतं, म्हणून नंतरची आवृत्ती घ्या, शेवट पूर्ण मिळतो. व्हरलेनचा आवाज चिरका आहे, पण काका, तो ओरडत नाही.

मुरारवाली

'मार्की मून'ला माझं अनुमोदन. 'रेड' रात्री एकट्याने ऐकायचा अल्बम आहे, नातवासोबत नको.

नवाकान

मी 'हॉर्सेस' लावला आहे. 'बर्डलँड' चालू आहे. मग लिहितो.